तात्यांचा सोमवार

"येवढं एकच गिऱ्हाईक," असं म्हणत तात्या खाली आलेलं शटर पुन्हा गुडघ्यापर्यंत उचलायचे. या एका वाक्यानं माझ्या किती संध्याकाळी खाल्ल्या ते सांगत बसत नाही. उगाच तुमचंही रक्त तापेल.

कडा गावाच्या अलीकडच्या आमच्या गावात सहकारी ग्राहक भांडार होतं. तिथं आम्ही सहा जण कामाला. भिंतीवरच्या दुकानाच्या नोंदणी-दाखल्यात सोमवारची सुट्टी लिहिलेली होती, पण ती भिंतीवरच राहायची. मॅनेजर म्हणायचे, "दुष्काळात कसली सुट्टी? शेजारी जनावरांची छावणी हाय. लोकांनी जावं कुठं?"

मला सोमवारच हवा होता, कारण आमच्या वस्तीवर टँकर सोमवारी यायचा. मी इकडं साखर तोलत उभा, आणि तिकडं बायको सातव्या महिन्यात टँकरच्या पाइपासाठी भांडत असायची. घरी गेलं की तिचं तोंड बघवत नसे.

शेवटी आम्ही ठरवलं, देत नाहीत तर सुट्टी घ्यायची. येत्या सोमवारी दुकान उघडायचंच नाही. तात्या वयानं मोठे, किल्लीही त्यांच्याकडे, म्हणून पुढारी तेच. आमच्याइतके गाढव आम्हीच!

सोमवारी सगळे पायरीवर बसलो. मॅनेजर ओरडून ओरडून थकले आणि चेअरमनना आणायला गेले. तेवढ्यात छावणीतली एक म्हातारी आली. "गाय व्यालीय बाबा, गूळ दे."

तात्यांची चुळबुळ सुरू झाली. मी दातओठ खात म्हणालो, "तात्या, बसा खाली."

"आरं, येवढं एकच गिऱ्हाईक."

ते मागच्या दारानं आत शिरले. चेअरमन येईपर्यंत त्या दाराशी म्हातारीच्या मागं रांग लागली होती. चेअरमन हसले. "एकटा माणूस दुकान चालवतोय की!"

मी तात्यांना वाट्टेल ते बोललो. "कावून उघडलं? आमी काय येडे म्हणून बसलोत?" त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग एकटेच चेअरमनबरोबर आत गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले.

"झालं काम. तुमी पाच जण सोमवारी घरी. एकट्यानं चालतंय म्हणले ना? मी बसतो."

"आणि तुमची सुट्टी?"

"बघू."

पुढच्या सोमवारी पाइप मी धरला, बायको बाजूला सावलीत बसली. बरं वाटलं, आणि चीडही आली. अशी कुणी सुट्टी मिळवतं का? त्याच टँकरवरून तात्यांची बायको एकटीच घागरी वाहत होती. तिच्याकडं बघायची मला लाज वाटली. आम्ही आळीपाळीनं बसतो म्हणून अर्ज दिला, तर मॅनेजरनी विचारलं, "तात्यांची तक्रार हाय का?" तात्या म्हणाले, "न्हाई बा." अर्ज परत! सात वर्षं हेच चाललं.

तात्या निवृत्त झाले, किल्ली माझ्याकडं आली. सोमवारी बसायला आम्ही पाचही जणांनी साफ नकार दिला. संचालकांनी मुकाट्यानं दुकान बंद ठेवलं.

त्या पहिल्या सोमवारी 'आज बंद'ची पाटी लावायला गेलो, तर तात्या पायरीवर बसलेले. त्याही वर्षी पावसानं दगा दिला होता.

"सकाळी हिच्यासंगं टँकरवर गेलतो," ते म्हणाले. "घागरीला लई वजन असतं बे." जन्मभर तोलून देणारा माणूस हे आज सांगत होता.

इतक्यात एक जण धावत आला. "पाहुणे आलेत. चहापुरती साखर द्या की."

चहापुरतीच तर हवी होती. माझा हात खिशातल्या किल्लीकडं गेला. तात्यांनी माझं मनगट धरलं.

"आज सुट्टी हाय," ते त्याला म्हणाले. "उद्या या."

म्हणजे हे वाक्य त्यांना येत होतं! तो माणूस कुरकुरत परत फिरला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत तात्या त्याच्याकडं बघत राहिले. माझं मनगट मात्र त्यांनी सोडलं नव्हतं.