रहमानभाईंच्या हाती न लागलेला उंदीर

कतारमधल्या दोह्यात थंडी पडते यावर नाशकातला माझा भाऊ अजून विश्वास ठेवत नाही. त्याला वाटतं, मी स्वेटर फोटोपुरता घालते. त्यानं जानेवारीतल्या सकाळी मदिनत खलीफातल्या आमच्या घरी येऊन फरशीवर अनवाणी उभं राहून दाखवावं, मग बोलू. आमची व्हिला जुनी. घरमालकानं मधे भिंती घालून तिचे चार तुकडे केलेत आणि प्रत्येक तुकड्याला ‘फॅमिली पोर्शन’ असं भारदस्त नाव दिलंय. खिडकीच्या फटीतून वारा येतो, एसीच्या भोकातून वारा येतो आणि वाऱ्यामागून उंदीर येतो. गल्लीत मांजरं आहेत, पण त्यांना प्रत्येक घरातून इतकं खायला मिळतं की उंदीर दिसला तर ती त्याला वाट करून देतात.

“उंदीर वाईट नाय हो ताई, त्याला थंडी वाजते,” असं मला पहिल्यांदा सांगितलं रहमान मुकादमांनी. रत्नागिरीजवळच्या साखरतरचे हे गृहस्थ. बावीस वर्षं दोह्यात आहेत आणि त्यातली वीस वर्षं एकाच पेस्ट कंट्रोल कंपनीत. झुरळं, ढेकूण, वाळवी, कपड्यांतली कसर हे सगळं ते करतात, पण त्यांचा खरा जीव उंदरांवर. बुटकी मूर्ती, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, पँट मोज्यांत खोचलेली आणि शर्टाच्या खिशात एक पेन्सिल. लिहायला नाही. घरात आल्या आल्या ते जमिनीवर पालथे पडतात आणि भिंतीकडेनं सरपटत प्रत्येक फटीत ती पेन्सिल घालून बघतात. पेन्सिल गेली की उंदराचं पोरही जाणार. माझ्या स्वयंपाकघरात ती अकरा ठिकाणी गेली.

“औषध मागनं. आधी दरवाजे बंद करूया,” ते म्हणाले. त्यांच्या हिशेबी प्रत्येक भोक म्हणजे दरवाजा. सिंकखालच्या पाइपाभोवती त्यांनी तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावलं, दाराखाली रबराची पट्टी ठोकली आणि मग माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे वळले. ती मी घर बदलल्यापासून जपून ठेवली होती, लागतील कधीतरी म्हणून. “ह्यात तुमचं सामान नाय ताई, झुरळांचं हाय,” रहमानभाई म्हणाले. मला असा राग आला म्हणता! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी खोकी टाकली आणि आठवड्यात झुरळं गेली. मी कुणाचं सहजासहजी कौतुक करत नाही, पण त्यांना मी डबाभर चिवडा दिला.

एरवी ते कंपनीच्या खोलीत पाच जणांसोबत राहायचे. गेल्या डिसेंबरात त्यांनी आमच्याच व्हिलाच्या मागची खोली घेतली, कारण त्यांची बायको येणार होती. ताहेरुन्निसाभाभी. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तोवर त्यांचा संसार दर दोन वर्षांनी मिळणाऱ्या सुट्टीत आणि उरलेला फोनवर झालेला. मुलं फोनवरच मोठी झाली, लेकीचं लग्नही अर्धं फोनवर ठरलं. त्या फोनांतून रहमानभाईंनी स्वतःची कीर्ती साखरतरात चांगलीच पसरवली होती. दोह्यातला उंदीर माझ्या बुटांचा आवाज ओळखतो, अमक्या शेखच्या मजलिसमध्ये, म्हणजे दिवाणखान्यात, मी एका दुपारी नऊ पकडले, ऑफिसच्या भिंतीवर माझा फोटो आहे. फोटो मात्र खरंच होता. खाली ‘बेस्ट टेक्निशियन’ असं लिहिलेलं.

भाभी एक जानेवारीला आल्या. व्हिसा महिन्याचा, परतीचं तिकीट एकतीस तारखेचं. आणखी एक महिना वाढवून मिळतो आणि रहमानभाईंना तो वाढवायचाच होता. मला त्यांनी तसं चारदा सांगितलं. भाभी अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम आणि हसायला लागल्या की माझ्या ओट्यावरचे डबे वाजायचे. दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या स्वयंपाकघरात सोडे निवडत बसल्या होत्या.

पण जानेवारी म्हणजे उंदरांचा हंगाम. साऱ्या दोह्याला एकदम थंडी वाजते, साऱ्या दोह्यात उंदीर घरात शिरतात आणि रहमानभाईंना रजा मिळत नाही. पहाटे साडेपाचला कंपनीची व्हॅन त्यांना घेऊन जायची ती संध्याकाळी आठला सोडायची. जेवता जेवता माणूस पेंगायचा. पाचव्या दिवशी भाभींचा बांध फुटला. “मी हय भिंती बगाया आलंय काय? ह्याच्यापेक्षा फोनवर जास्त बोलत होतात! तिकीट बदला माजं. येत्या शुक्रवारी जाते मी.”

रहमानभाईंचं तोंड एवढंसं झालं. सुट्टी मागायला ते सुपरवायझरकडे जाऊन आले. सुपरवायझर उमैर, हैदराबादचे, माणूस वाईट नाही. पण हंगामात सुट्टी म्हणजे खलास, विषयच काढायचा नाही.

आणि सहाव्या दिवशी दुपारी उंदीर आला.

भाभींची किंकाळी ऐकून मी लाटणं घेऊन धावले. भाभी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभ्या होत्या. तेवढ्यात तो माझ्या पायाजवळून गेला आणि मीही त्याच खुर्चीवर चढले. एका खुर्चीवर दोघी बायका एकमेकींना मिठी मारून उभ्या, हातात लाटणं, आणि खुर्ची करकरतेय. त्याच अवस्थेत आम्ही रहमानभाईंना फोन लावला. वीस मिनिटांत व्हॅन दारात. मास्क, हातमोजे, टॉर्च, पेन्सिल अशा सगळ्या आयुधांनिशी रहमानभाई उतरले. उंदीर तोवर पसार झाला होता. मग काय करणार, ते जेवले. सोड्यांचं कालवण आणि भात. चार वाजेपर्यंत दोघं खोलीच्या पायरीवर उन्हात बसून बोलत होती. भाभींचं हसणं मला माझ्या खोलीत ऐकू येत होतं.

ही बातमी ऑफिसात पोचली तेव्हा उमैरसाहेबांना घाम फुटला. पेस्ट कंट्रोलवाल्याच्याच घरात उंदीर! गिऱ्हाइकांना कळलं तर? “रहमान, रोज दो से चार घर जाओ. जब तक मिलता नई, तब तक जाओ,” असा त्यांचा हुकूम सुटला.

भाभींनी तिकिटाचा विषय काढायचं बंद केलं. शुक्रवार आला आणि गेला, त्या इथेच. रहमानभाई रोज दोनला यायचे, पिंजरा तपासायचे, कडेनं पीठ भुरभुरून ठेवायचे म्हणजे पावलं उमटतील, आणि मग जेवून पायरीवर बसायचे. एक पिंजरा त्यांनी माझ्याही ओट्याखाली लावला. भाभी आता दुपारी बारापासून केस विंचरून तयार असायच्या.

दहा तारखेला सकाळी माझ्या ओट्याखाली खटका वाजला. बघते तर महाराज आत! सुकटीचा तुकडा दोन हातांत धरून शांतपणे खातायत. मला असा आनंद झाला की मी पिंजरा घेऊन तशीच पळत मागच्या खोलीत गेले. “भाभी, पकडला! सुटलो आपण!”

भाभींनी उंदराकडे पाहिलं आणि खाली बसल्या. “म्हंजे आता ते दुपारचे यायचे नाय,” त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तोवर हे आलंच नव्हतं. मला लाजच वाटली माझ्या आनंदाची. उंदीर तेवढा खात होता. मग भाभींनी माझ्याकडे पाहिलं, मी भाभींकडे पाहिलं आणि आम्ही पिंजऱ्यावर टॉवेल टाकला. गल्लीच्या टोकाला मोकळं मैदान आहे, तिथे चालत गेलो. वाटेत शेजारची इजिप्शियन बाई भेटली. काय नेताय म्हणून तिनं विचारलं तर मी चटकन ‘केक’ म्हणाले. ती म्हणाली, मलाही ठेवा. मैदानात दार उघडलं, उंदीर बाहेर आला, आम्हा दोघींकडे त्यानं एकवार बघितलं आणि मंदीच्या, म्हणजे अरबी मटण-भाताच्या, हॉटेलामागे सुसाट पळाला. हसून हसून माझ्या पोटात कळ आली.

आता उंदीर नसताना उंदीर ठेवायचा होता. पावलं भाभी करायच्या, बोटांच्या टोकांनी, पिठात टुकटुक. पिंजऱ्यातला तुकडा रोज काढून घ्यायच्या. लेंड्यांचा प्रश्न मी सोडवला. सूक वाकिफच्या बाजारातून बिर्याणीसाठी आणलेलं शहाजिरं माझ्याकडे होतं. काळपट, बारीक, टोकदार. कोपऱ्यात चार-चार दाणे टाकले की हुबेहूब. मला माझ्या हुशारीचा फार अभिमान वाटला. दोन वाजता रहमानभाई यायचे, पालथे पडून टॉर्च मारायचे, “मोठा बेरकी हाय,” असं पुटपुटायचे आणि जेवायला बसायचे. असे आठ दिवस मजेत गेले. भाभींना आता जानेवारी छोटा वाटायला लागला होता.

नवव्या दिवशी ते जाता जाता माझ्या दाराशी थांबले. मूठ उघडली. तळव्यावर शहाजिऱ्याचे चार दाणे.

“ताई, वीस वर्षं हा धंदा करतोय. बिर्याणीच्या वासाची लेंडी पहिल्यांदाच बगितली.”

मी घाईघाईनं ते दाणे उचलायला गेले. ते मात्र गंभीर चेहऱ्यानं बोलत राहिले. “आणि उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं. ह्याला तीन. एका बोटात अंगठी पण हाय.”

“रहमानभाई, कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी समजलं.” मग त्यांचा चेहरा सुटला आणि ते इतके हसले की चष्मा दोरीवर नाचायला लागला. “तिला बोलू नका हां. तिला वाटूदे मना काय समजत नाय. ऑफिसात पोरं चिडवतात, उंदरानं रहमानलाच पिंजऱ्यात घातलं म्हणतात. चिडवूदेत.”

सांगते काय, त्या माणसाची सगळी ऐट त्याच्या उंदरांवर होती. ती त्यानं दोन तासांसाठी अशी देऊन टाकली होती आणि वर हसत होता. मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

पण ऑफिसातली थट्टा उमैरसाहेबांच्या वरिष्ठांपर्यंत गेली. तेवीस तारखेला दुपारी उमैरसाहेब स्वतः आले. ते येणार हे कळताच मी शहाजिरं झाडून टाकलं होतं, हैदराबादी माणसाच्या नाकाची मला खात्री नव्हती. त्यांनी सगळी खोली बघितली, भोकं बघितली. एकही फट उघडी नव्हती. कुठून असेल, रहमानभाईंनीच तर बुजवली होती. पिठात पावलं मात्र ताजी.

साहेब उभे राहिले आणि म्हणाले, “रहमान, सच बोलो. तुमसे होता की नई? नई होता तो मैं कल दुसरे को भेजता हूँ. पर फिर तुम्हारा फोटो उतारना पडेगा.”

भाभींना हिंदी पुरेसं कळतं. फोटोचं नाव ऐकून त्यांचा चेहरा उतरला. तो फोटो त्यांनी गावात किती जणींना सांगितला असेल! त्या पदर सावरून पुढे झाल्या. “सायब, आयका, तो उंदीर मी...”

“नई होता, साब,” रहमानभाई मोठ्यानं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. “फोटो उतार दो. पर दुसरे को मत भेजो. एकतीस तारीख तक मेरे से नई होता. एक फरवरी को एक दिन में कर देता हूँ.”

“एकतीस तारीख को क्या है?” साहेबांनी विचारलं.

रहमानभाई भाभींकडे बघत होते, आणि भाभी त्यांच्याकडे. नवऱ्याला सगळं माहीत होतं हे भाभींना कळलं ते मी डोळ्यांनी बघितलं. आधी कानापर्यंत लाल झाल्या, मग पिठानं भरलेली बोटं त्यांनी पाठीमागे लपवली. साहेबांनी ती बोटं पाहिली, पिठातली पावलं पाहिली, पायरीवर मांडलेल्या दोन उशा पाहिल्या. त्यांची बायको हैदराबादेत असते, हे मला नंतर कळलं. त्यांनी तपासणीचा फॉर्म काढला, खिशात पेन सापडेना, तेव्हा रहमानभाईंची पेन्सिल घेतली आणि फॉर्मवर लिहिलं, ‘काम चालू है.’

“सायब,” भाभींना आता कंठ फुटला होता, “हयची थंडी कवापर्यंत असते?”

“फरवरी के आखिर तक,” साहेब म्हणाले.

“मग उंदीर पण तवापर्यंत,” भाभी म्हणाल्या आणि रहमानभाईंकडे वळल्या. “व्हिसा वाढवून घ्या माजा.”