टॉवेल टाकलेली खुर्ची

बोटीवरचा माणूस सुट्टीवर घरी आला की त्याच्या बॅगा दोन दिवसांत रिकाम्या होतात. साबण वाटले जातात, चॉकलेटं संपतात, सेंटची बाटली आई कपाटात कुलूप लावून ठेवते. किस्से मात्र संपत नाहीत! एक सांगून होतो न होतो तोच दुसऱ्या कोणाला तरी तसलाच आठवतो. आमच्या वाडीत असे तीन बोटीवरचे आहेत आणि तिघेही संध्याकाळी आमच्याच ओट्यावर बसतात. त्यामुळे सगळे किस्से माझ्याकडे साठले आहेत. मी चहा नेऊन ठेवते आणि दाराच्या आड नववीचं भूगोलाचं पुस्तक उघडून बसते. दोन महिने त्याचं एकच पान उघडं आहे.

तिघांतले एक माझे पपा. मोठ्या पॅसेंजर बोटीवर, जिच्यावर गोरे लोक नुसते फिरायला म्हणून चढतात, ते डेकवर कामाला आहेत. बोटीवर पोहण्याचा तलाव असतो. त्याच्या काठच्या आरामखुर्च्या मांडायच्या, पुसायच्या, सांभाळायच्या, हे त्यांचं काम. दुसरे इनासकाका. ते त्याच बोटीच्या लाँड्रीत आहेत. तिसरा शेजारचा बाबलदादा. तो गेल्या वर्षी पहिल्यांदाच गेला, त्याच बोटीवर, सफाईला.

यंदा इनासकाकांचा आणि बाबलदादाचा कॉल, म्हणजे परत बोटीवर यायचं बोलावणं, आला. पपांचा आला नाही. त्यांच्याविरुद्ध एका पॅसेंजरची तक्रार आहे, एवढंच आम्हाला माहीत. तक्रार कसली ते पपा सांगत नाहीत. कॉल आलाच नाही तर घर कसं चालवायचं, ते आई बोलत नाही. त्यामुळे ओट्यावर बाकी सगळं बोललं जातं.

*

त्या बोटीवर माणसं खूप आणि खुर्च्या कमी. म्हणून लोक पहाटे झोपेच्या कपड्यांतच वर यायचे, खुर्चीवर टॉवेल टाकायचे आणि परत जाऊन झोपायचे. खुर्ची त्यांची झाली!

त्यावर बोटीने नियम काढला. टॉवेल टाकून माणूस अर्ध्या तासात आला नाही, तर टॉवेल उचलायचा, घडी करून टोपलीत ठेवायचा आणि खुर्ची दुसऱ्याला द्यायची. चार भाषांत पाटी लागली. टॉवेल उचलायचं काम पपांचं, शिव्या खायचंही त्यांचंच.

पहिल्या दिवशी एक गृहस्थ पाटीसमोर उभे राहिले. चष्मा लावून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. पपांना वाटलं, चला, एकाला तरी कळलं.

वाचून झाल्यावर त्यांनी आपला ओला टॉवेल त्याच पाटीवर वाळत घातला!

*

एका उंच बाईने तीन खुर्च्या अडवल्या होत्या. एकीवर स्वतः, दुसरीवर उजवी चप्पल, तिसरीवर डावी. पपांनी अदबीने विचारलं, "मॅडम, या दोघी कधी येणार?"

बाई म्हणाल्या, "येणार कोणी नाही. ऊन फिरलं की मी तिकडे जाणार."

सकाळची एक, दुपारची एक, संध्याकाळची एक!

"आमच्या घराक दोनच खुर्चे आसत," इनासकाका म्हणाले, "आणि दोनय मोडके. सावली खंयपण जांव, बसाचा जमनीरच!"

*

बाबलदादाचा किस्सा त्याच्यासमोर सांगितला की तो अजून लाल होतो.

त्याचा डेकवरचा पहिला दिवस. पहाटे तो वर गेला तर काय, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर टॉवेल आणि माणूस एकही नाही. त्याला नियम कोणी सांगितलेला नव्हता. मन लावून काम करायचं एवढंच तो घरून शिकून गेला होता. त्याने सगळे टॉवेल गोळा केले, चार फेऱ्या करून खाली लाँड्रीत नेऊन टाकले.

"माका वाटला, लोक टॉवेल इसारान गेले!"

इनासकाकांनीही कशाला विचारावं? "मियां धुतलंय, सुकवलंय, घडये घातलंय. माझा काम चोख!"

आठ वाजता डेकवर लढाई पेटली. जो तो म्हणे ही माझी खुर्ची, आणि पुरावा धुऊन झालेला! एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला वर्तमानपत्राने मारलं. साहेब धावत आले. बाबलदादाला दोराच्या खोलीत लपवून ठेवावं लागलं.

पण एक म्हातारी होती. तिला काठी घेऊन लवकर वर येता येत नसे, त्यामुळे तिला कधीच खुर्ची मिळाली नव्हती. त्या दिवशी ती सावकाश आली आणि समोर दिसली त्या खुर्चीवर बसली. जाताना तिने पपांना हळूच विचारलं, "तो मुलगा उद्या पण येईल का?"

तो मुलगा पुढचा महिनाभर इंजिनाच्या बाजूचे संडास धूत होता.

*

हा किस्सा मात्र पपांनी हसत सांगितला आणि कोणी हसलं नाही.

एक पॅसेंजर साहेब जेवायला निघाले. त्यांना नियम माहीत होता. म्हणून त्यांनी टॉवेल टाकलाच नाही, पपांनाच बोलावलं. "तू इथे थांब. मी येईपर्यंत ही खुर्ची कोणाला देऊ नकोस."

पॅसेंजरच्या खुर्चीवर कामगाराने बसायचं नाही, बसला तर पुढच्याच बंदरात उतरवतात. म्हणून पपा खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून उभे राहिले. सव्वा तास. ऊन असं की हाताखालचं लाकूड तापलेलं.

"म्हणजे बसाचा पण नाय आणि सोडूचा पण नाय!" बाबलदादा म्हणाला.

"तसाच!" पपा म्हणाले.

"मगे? इलो काय तो?"

"इलो ना. आभाळाकडे बघल्यान, म्हणालो, 'आता ऊन फार झालं, नको मला.' आणि गेलो."

आतून आईचा खोबरं किसण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला.

*

बोटीवरचे जुने टॉवेल मोडीत काढतात. तसला एक, निळ्या काठाचा, इनासकाकांनी घरी आणला होता. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी त्यांनी जाहीर केलं, "वरसानवरसां आमी मागच्या बाकार बसतंव. यंदा पुढे बसाचा!"

आमच्या चर्चमध्ये कुठल्या बाकावर कोणी बसायचं हे कुठे लिहिलेलं नाही. तरी पहिला बाक बंगलेवाल्यांचा. मी लहान असल्यापासून त्यावर दुसरं कोणी बसलेलं पाहिलं नाही. त्यांच्या घरातले सगळे मुंबईला असतील तर तो बाक रिकामा असतो, आणि मागे लोक भिंतीला टेकून उभे असतात.

इनासकाका उजाडताच गेले आणि पहिल्या बाकावर टॉवेल पसरून आले. नऊ वाजता इस्त्रीचा कोट घालून बायकोमुलांसह पोचले, तर त्यांच्या टॉवेलवर बंगलेवाल्यांची आजी ऐसपैस बसलेली!

"कोणी बरा केल्यान गो," ती सुनेला सांगत होती, "बाक थंड लागणा नाय."

इनासकाका मागे जाऊन उभे राहिले. मिस्साची प्रार्थना संपली. आजी उठली, तिने टॉवेलची नीट घडी केली, काखेत घेतली आणि घरी गेली.

"गोरे बरे!" इनासकाका अजून म्हणतात. "जागा घेतत, पण टॉवेल तरी थंयच ठेवतत!"

*

हा किस्सा ओट्यावर कोणी सांगत नाही. तो मला एकटीलाच माहीत आहे.

मावशीच्या मुलीचं कुडाळला लग्न होतं. आम्ही पाहुणे. मांडवात खुर्च्या वेड्यावाकड्या पडलेल्या. पपांना ते बघवलं नसावं. कोणी सांगितलं नसताना त्यांनी एक ओळ सरळ केली, मग दुसरी. नवऱ्याकडच्या एका माणसाला वाटलं, हा मांडववाल्याचा गडी. त्याने लांबून टाळी वाजवली. "अरे ए, इकडे चार खुर्च्या आण! आणि पुसून आण!"

पपांनी चार खुर्च्या उचलून नेल्या. खिशातला रुमाल काढून पुसल्या. मग जरा वाकले आणि सवयीने इंग्रजीत म्हणाले, "प्लीज, सर."

तो माणूस बसला. त्याच्याबरोबरच्या तीन बायकाही बसल्या.

मी दोन हातांवर उभी होते. "ते माझे पपा आहेत," एवढं एकच वाक्य होतं. मी ते मनात दोनदा नीट म्हटलं. तोवर त्यातल्या एका बाईने मला विचारलं, "मुली, तू कोणाकडची गं?"

मी म्हटलं, "नवरीकडची."

*

गेल्या आठवड्यात बोटीच्या मुंबईच्या ऑफिसचं पत्र आलं. कॉल नव्हता. इंग्रजीत तीन प्रश्न होते आणि खाली लिहिलं होतं की उत्तरं लेखी कळवा, मग तुमचा विचार करू. पपांना इंग्रजी बोलता येतं, लिहिता येत नाही.

"तुझा अक्षर बरा," ते मला म्हणाले. "बस हयसर." ओट्यावर त्यांच्या शेजारी मी पहिल्यांदाच बसले.

मी प्रश्न वाचून दाखवले. ती खुर्ची कोणाची होती? तो पॅसेंजर किती वेळ खुर्चीवर आला नाही? टॉवेल का उचलला नाहीत?

"टॉवेल उचललो म्हणान तक्रार आसतली असा वाटलेला," बाबलदादा म्हणाला. "उचलूक नाय म्हणान?"

मग पपांनी सांगितलं. माझ्याकडे बघून नव्हे, कागदाकडे बघून.

एक म्हातारा आणि त्याची बायको होती. दोघं पहाटे कधी यायची नाहीत. सात वाजता म्हातारा दोन टॉवेल घेऊन यायचा, शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांवर ते नीट अंथरायचा आणि बायको येईपर्यंत तिथेच बसायचा. सगळ्या बोटीत पपांना नाव विचारणारा तो एकटाच. एका दुपारी त्याचं हृदय बंद पडलं. पुढचं बंदर चार दिवसांवर होतं. त्याला खाली थंड खोलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता बायको एकटी वर आली. तिने दोन टॉवेल आणले होते. दोन्ही खुर्च्यांवर अंथरले आणि एकीवर बसली.

पपांनी घड्याळ बघितलं. अर्धा तास झाला. तास झाला. दुपार झाली.

लोक कुरकुरायला लागले. पाटी दाखवायला लागले. पपा दुसरीकडून खुर्च्या शोधून त्यांना देत राहिले. तिसऱ्या दिवशी एक जाडा माणूस आला. त्याने तो टॉवेल उचलून खाली टाकला आणि खुर्चीवर आडवा झाला. बाईने टॉवेल उचलून मांडीवर घेतला.

"मियां गेलंय आणि तेका सांगलंय, गेट अप, सर."

"मगे?"

"उठलो नाय. मगे परत सांगलंय." पपा थांबले. "सर म्हणाक नाय."

तो माणूस उठला. पपांनी बाईच्या मांडीवरचा टॉवेल मागून घेतला आणि परत अंथरला. तो माणूस तिथून सरळ साहेबांकडे गेला.

मग इनासकाका माझ्याकडे सरकले. "बाय, मी सांगतंय ता लिव. चूक झाली, परत होवची नाय. बस. सायबाक कारण नको आसता गो, माफी होयी आसता."

"पण चूक खंय झाली?" बाबलदादा म्हणाला.

"तू गप रव, मेल्या! तुझो कॉल इलो हा."

आई दारात येऊन उभी होती. ती पपांना म्हणाली, "एक वळ लिवलास तर काय जाता तुमचा? चेडवाची दहावी येतली. घरावरचे नळे फुटलेत, पावसाचा पाणी आत येता. एकच वळ."

पपांनी मान हलवली. मला ती "हो" वाटली. आईलाही वाटली असावी, कारण ती दाराला टेकून खाली बसली.

मी पेनचं टोपण काढलं. पहिल्या प्रश्नापुढे पपांनी म्हाताऱ्याचं नाव सांगितलं, मी लिहिलं. दुसऱ्यापुढे त्यांनी सांगितलं, "चार दिवस." तेही लिहिलं.

तिसरा प्रश्न मी परत मोठ्याने वाचला. टॉवेल का उचलला नाहीत?

"चूक झाली," इनासकाका हळू आवाजात म्हणाले. "लिव गो."

मी पपांकडे बघितलं. ते म्हणाले, "लिव. तेची बाईल बाजूच्या खुर्चेर बसलेली."