साळवेबाई, रिझर्व्हेशन

२४ डिसेंबर १९९९, शुक्रवार. शनिवार रात्रीसाठी आठ खोल्या हव्या होत्या आणि सकाळी साडेअकरापर्यंत एकही मिळाली नव्हती.

अंबडच्या एका पंपांच्या कारखान्यात मी प्रशासन बघत होते. प्रशासन म्हणजे कँटीनचं दूध, रखवालदारांच्या रजा आणि पाहुण्यांची सोय. आठ डीलर बायकामुलांसह नाताळच्या सुट्टीत नाशिकला येणार, हे साहेबांनी डीलरांना दिवाळीत सांगितलं होतं आणि मला बुधवारी. अट नेहमीचीच होती. "पोर्चमध्ये गाडी थांबली की दार उघडायला माणूस पाहिजे. बिल मात्र आपल्या एरवीच्या दराचं." सुट्टीच्या दिवसांत कंपनीचा दर कोणतंही मोठं हॉटेल देत नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. द्वारका चौकापासून अंबडपर्यंत ज्या ज्या हॉटेलच्या पोर्चमध्ये असा माणूस होता, तिथे मी फोन लावला. मुंबईकर आलेले, शिर्डीला जाणारे आलेले आणि त्यात शनिवारी लग्नाची दाट तीथ.

साळवेबाईंना मी शेवटी फोन केला. त्यांनी नाही म्हटलं असतं तर पुढे कुणीच उरत नव्हतं, म्हणून शेवटी.

"रिझर्व्हेशन, साळवे." मग माझा आवाज ओळखून, "देवरे मॅडम, किती जणांनी नाही म्हटल्यावर माझी आठवण झाली?"

"अकरा."

"मग दुपारी या. हे काम फोनवर होण्यातलं नाही."

महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलात त्या खोल्यांचं आरक्षण बघायच्या. पहिली चार वर्षं मला त्यांचा फक्त आवाज माहीत होता. इंग्रजी असं स्वच्छ की मी मनात एक उंच, कापलेल्या केसांची बाई तयार करून ठेवली होती. पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरच्या मागच्या खोलीत एक बुटकी बाई बसली होती. हॉटेलच्या गणवेशाच्या साडीवर घरचा तपकिरी स्वेटर, जाड भिंगांचा चष्मा, टेबलापर्यंत हात पुरावेत म्हणून खुर्चीत दोन उशा. रिसीव्हर खांद्यात धरून भाकरी खात होत्या. मला बघून म्हणाल्या, "आवाजावरून तुम्ही जाड वाटला होतात."

त्यांचे वडील देवळाली कॅम्पात अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वाढपी होते. इंग्रजी तिथलं. नेटकेपणाही तिथलाच. पेन्सिली लांबीच्या क्रमाने लावलेल्या आणि टेबलावर सदैव एक पंचांग. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आम्ही बौद्ध. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. माझं स्वतःचं लग्न सुट्टी बघून लागलं. पण ह्या खोल्यांना बघावा लागतो ना." नवीन वर्षाचं पंचांग बाजारात आलं की पहिल्या दिवशी त्या ते आणायच्या आणि तिथींवर तांबड्या पेन्सिलीने खुणा करून ठेवायच्या.

"हॉटेल कधी भरत नाही, मॅडम," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "रजिस्टर भरतं." त्या कुणालाही 'जागा नाही' म्हणायच्या नाहीत, 'आत्ता नाही' म्हणायच्या. चांगली खोली बेताच्या दरात हवी असणाऱ्या माझ्यासारख्यांना त्यांचा सल्ला ठरलेला. "एक तर तारीख वाईट घ्या. तारीख सोडवत नसेल तर लग्न शोधा."

लग्न शोधा म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. मुलीकडचे लोक वऱ्हाडासाठी दोन रात्रींच्या खोल्या घेतात. वीस-वीस, घाऊक, म्हणून उतरलेल्या दराने. दुपारी लग्न लागतं, जेवणं होतात, चारला मुलगी सासरी जाते आणि वऱ्हाडाची बसही जाते. दुसऱ्या रात्री निम्म्या खोल्या कुलपात रिकाम्या. विहीणबाईंनी राहायचं म्हटलं तर पंचाईत नको, एवढ्यासाठी धरून ठेवलेल्या. त्यातल्या काही परत घेऊन त्याच दराने दुसऱ्याला द्यायच्या, ही साळवेबाईंची पद्धत. मुलीकडच्यांचं एका रात्रीचं भाडं वाचायचं, हॉटेलची खोली रिकामी राहायची नाही आणि माझ्या साहेबांना दार उघडणारा माणूस मिळायचा.

मात्र विचारायचं कुणाला, याचे त्यांचे नियम कडक होते. "मुलीच्या बापाला कधी विचारायचं नाही. तो नाहीच म्हणणार. त्याला म्हणावंच लागतं. मामाला विचारायचं. कोठीची किल्ली मामाकडे असते, त्याला सगळं खरं माहीत असतं. आणि मुलाकडच्यांच्या खोलीला हात लावायचा नाही, रिकामी असली तरी. काढायच्या त्या आजोळच्या खोल्या. आणि तेसुद्धा अक्षता पडल्यावर, आधी नाही."

त्या शुक्रवारी मी गेले तेव्हा त्या चांगल्या मूडमध्ये होत्या. नऊ वर्षं त्या तिथे तात्पुरत्या म्हणून काम करत होत्या. दर अकरा महिन्यांनी चार दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नव्याने घ्यायचे. आता एक जानेवारीपासून त्यांना कायम करणार, असं मॅनेजरने तोंडी सांगितलं होतं. कागद टाइप होऊन सहीला गेला होता.

"कायम झाल्यावर काय करणार?" मी विचारलं.

"आजारी पडणार," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांत एकदाही पडता आलं नाही. रजा मांडून, अंगावर पांघरूण घेऊन, तीन दिवस. जाऊबाईंना सांगून ठेवलंय, पेज करायची."

मग त्यांनी वही उघडली. शनिवारी त्यांच्याच लॉनवर एक लग्न होतं, मुलगी नाशिकची, मुलगा धुळ्याकडचा, बावीस खोल्यांचं. "यातून आठ निघतील. उद्या तीनला सांगते."

"उद्या तीनला नाही म्हणालात तर? सहाला माझी माणसं येतायत."

"नाही म्हणणार नाही."

एवढ्यात काउंटरवरून हाक आली आणि त्या उठून गेल्या. वही माझ्यासमोर उघडीच होती, माझ्या बाजूने उलटी. 'वडील, घर' आणि 'मामा, दुकान' असे दोन नंबर होते. दुकान संध्याकाळी बंद असेल, असा हिशेब करून मी पहिला नंबर उतरवून घेतला. तीन दिवस मी फोनला चिकटून होते, कान दुखत होता, आणि उद्या तीनपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती.

सहाच्या सुमाराला ऑफिसातून फोन लावला. घरात गर्दी होती. मुलीच्या वडिलांना बोलावून आणलं गेलं. मी म्हटलं, "हॉटेलच्या खोल्यांबद्दल बोलत होते. उद्या रात्री ज्या लागणार नाहीत त्या परत करता का, एवढंच विचारायचं होतं." हॉटेलातून बोलतेय असं मी म्हटलं नाही. नाही, असंही म्हटलं नाही.

मग त्यांचा आवाज चढला, आणि तो माझ्यासाठी चढलेला नव्हता. "परत? परत कशाला? उलट आणखी दोन खोल्या ठेवा. आमच्या पाहुण्यांना काही कमी पडता कामा नये." मला नंतर कळलं की व्याही मंडळी पाचच मिनिटांपूर्वी बसमधून उतरून त्यांच्या दिवाणखान्यात चहाला बसली होती.

शनिवारी सकाळी आठला साळवेबाईंचा घरी फोन आला.

"मॅडम, मुलीच्या वडिलांना तुम्ही फोन केलात?"

"हो."

"नंबर?"

"तुमच्या वहीतून. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा."

"उलटं वाचता येतं तुम्हाला. बरं आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलीच्या वडिलांनी रात्रीच थेट मालकांना गाठलं होतं. हॉटेलच्या बाईंनी फोन करून व्याह्यांसमोर आमची शोभा केली, म्हणाले. "आणि हॉटेलची बाई मी एकच आहे. मॅनेजरने विचारलं. मी केला नाही, एवढं सांगितलं. त्यांना पटलेलं नाही."

"माझं नाव सांगा ना."

"गिऱ्हाइकाचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही. तुम्ही काय सांगायचं ते तुम्ही बघा." आणि लगेच, "तीनला या. लॉनकडे फिरकू नका. माझ्या खोलीत बसा आणि कशाला हात लावू नका."

मी तीनला गेले आणि हात मांडीवर ठेवून बसले. साळवेबाई स्वेटर काढून, पदर नीट करून लॉनवर गेल्या. खिडकीतून मला दिसत होतं. मुलीचे वडील मंडपाच्या दाराशी हात जोडून उभे होते. त्या त्यांच्या मागून, लांबून वळसा घालून कोठीकडे गेल्या. मामा म्हणजे सटाण्याकडचे एक लठ्ठ गृहस्थ, फेटा सुटलेला, लाडूंच्या पाट्या मोजत होते. पाच मिनिटं बोलणं झालं. मग दोघं मिळूनच आत आली.

"ताई, आमच्या लोकांचं काय एवढं," मामा किल्ल्या टेबलावर ठेवत म्हणाले. "त्यांना तुमच्या त्या मऊ गादीवर झोप येत नाय. काल रात्री दोघं खाली सतरंजीवर झोपले. आज सगळे माझ्या इथल्या घरी लोळतील. फक्त दाजींना सांगू नका."

"मी कुणालाच काही सांगत नाही," साळवेबाई म्हणाल्या.

"लय डोकं फिरलंय त्यांचं कालपासून. कुठल्या बाईने फोन केला देव जाणे." त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलवली, सहानुभूतीने. मी पण डोलवली.

आठ किल्ल्या होत्या. सहाला डीलर आले. पोर्चमध्ये दार उघडलं गेलं. साहेब माझ्याकडे बघून हसले, जे ते वर्षातून दोनदा करत.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण ते थोडक्यात आहे. एक जानेवारीला साळवेबाईंना कायम केलं नाही. कागद सहीवरून परत आला, नंतर बघू म्हणून. नंतर कुणी बघितलं नाही. आणखी सहा वर्षं त्या अकरा महिने आणि चार दिवस याच हिशेबाने काम करत राहिल्या. मी खोल्या मागत राहिले, त्या लग्नं शोधत राहिल्या. त्या नाताळाबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. बोलणं कमी झालं असंही नाही. माझ्या मुलाच्या बारावीला त्यांनी न सांगता पेढे पाठवले. २००६ साली हॉटेलचं आरक्षण मुंबईच्या एका नंबरवर गेलं. त्या वेळी त्या चार दिवसांसाठी घरी होत्या. त्यांना परत बोलावलं नाही. कायम नसल्यामुळे कुणाला काही लेखी द्यावंही लागलं नाही. मला त्यांनी फोनवर सांगितलं, "नवा नंबर लिहून घ्या. तिथली मुलगी गोड बोलते, पण तिला नाशिकमधली लग्नं ठाऊक नाहीत. तुम्हालाच शोधावी लागतील." दोन वर्षांनी त्या गेल्या. आजारपण लांबलं होतं. मी एकदा भेटायला गेले तेव्हा झोपल्या होत्या आणि मी उठवलं नाही.

राहिली ती रविवारची सकाळ.

मी सात वाजता स्कूटर काढली. डीलरांना त्र्यंबकच्या बसमध्ये बसवायचं होतं आणि त्याआधी मॅनेजरला भेटायचं होतं. सांगायचं वाक्य रस्त्यात तयार केलं. लहानच होतं. तो फोन मी केला होता, नंबर मी न विचारता घेतला, साळवेबाईंचा संबंध नाही.

मॅनेजर लॉबीतच भेटले, साहेबांशी बोलत होते. मला बघून स्वतःच पुढे आले. "या मॅडम, बरं झालं. शुक्रवारी दुपारी तुम्ही साळवेबाईंच्या खोलीत होतात ना? त्या लग्नवाल्यांना त्यांनी फोन केला असं काही कानावर आलं का तुमच्या? मला उद्या मालकांना कळवायचंय."

साहेब बाजूलाच उभे होते, चहाचा कप हातात, माझ्याकडे बघत. साळवेबाई काउंटरवर होत्या, चार पावलांवर. त्यांनी वर बघितलं नाही. नाश्त्याची कूपनं मोजत होत्या.

"मला काही कल्पना नाही," मी म्हटलं.

मॅनेजर मान हलवून निघून गेले. मी खोटं बोलले ते साहेब होते म्हणून. कारण म्हणून ते फार लहान आहे, पण दुसरं नव्हतं.

साळवेबाईंनी बिल माझ्यापुढे सरकवलं. "आठही खोल्या लग्नाच्या दराने लावल्यात. बघून घ्या, मॅडम."

मी बघितलं. बरोबर होतं. सही केली, कार्बनची प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली आणि बाहेर जाऊन बसमधली माणसं मोजली. एकोणतीस होती. ड्रायव्हरला म्हटलं, निघा.