बनशंकरीच्या वळणावरचा कोहळा

बंगलोरला मी हौसेने गेलो नाही. लोक जातात ते लालबाग बघायला, थंड हवा खायला. मी चाललो होतो धाकट्या बहिणीला, विमलला, कोर्टाची पायरी चढायला लावण्यासाठी. तिचे यजमान मनोहरराव तिथल्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. खंडेनवमीच्या दिवशी घराजवळच्याच वळणावर लॉरीने त्यांना उडवलं आणि ते जागच्या जागी गेले. मी तेव्हा टायफॉइडने अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे दिवसकार्याला थोरला भाऊ जाऊन आला. त्याने परत येऊन सांगितलं ते असं : भरपाई मागायची मुदत संपत आली आहे, वकील अर्ज तयार करून बसला आहे, आणि विमल सही करत नाही. का, ते सांगतही नाही. पदरात चार वर्षांची पोर, आणि ही गप्प!

साताऱ्याला गाडीत बसलो तेव्हा अंगात धड ताकद नव्हती. मी एस.टी.च्या वर्कशॉपात आहे. अपघाताची गाडी ओढून आणली की काय मोडलं आणि का मोडलं हे शोधायचं माझं काम. जो तो ड्रायव्हर सांगतो, ब्रेक फेल झाले. निम्म्या वेळा ब्रेक शाबूत असतात आणि माणूस झोपलेला असतो. उरलेल्या वेळी गाडीत माल मावेल तितका नव्हे, मालकाच्या मनात मावेल तितका भरलेला असतो. इतकी वर्षं हे बघून मी विटलो आहे.

बेळगावच्या पुढे एका फाटकाशी रुळांच्या कडेला लॉरी उभी दिसली. कापसाचे गठ्ठे दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेले, आणि मागच्या दिव्याच्या जागी कंदील टांगायचा नुसता आकडा. समोर हुबळीचे एक कापसाचे दलाल बसले होते. मी कशाला चाललो आहे हे त्यांनी खोदून खोदून काढून घेतलं आणि सुस्कारा सोडला.

"काय करणार हो, त्यांची वेळ भरली होती."

"वेळ नाही हो, लॉऱ्या भरलेल्या असतात," मी म्हणालो. मग हुबळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मलाही तेच हवं होतं.

हुबळीला रात्रीचा दहीभात मिळाला. सकाळी उठलो तर बाहेर सगळंच बदललेलं. तांबडी माती, नाचणीची शेतं, नारळी, आणि मध्येच कुणीतरी रचून ठेवल्यासारखे काळे धोंडे. एरवी मी बघत बसलो असतो. पण खिडकीतून डोकं बाहेर काढलं मात्र, इंजिनाच्या कोळशाचा कण डोळ्यात गेला. बंगलोरला उतरलो तो एक डोळा लाल आणि त्यातून धार लागलेली. जटक्यावाल्याने (टांगेवाल्याने) माझ्याकडे बघून घोडा मुद्दाम हळू चालवला आणि मोडक्या हिंदीत, "रोओ मत स्वामी, सब ठीक होता," अशी माझी समजूत काढली. मी रडत नाही हे सांगायचा मला कंटाळा आला. आणि खरं सांगायचं तर, थोडा रडतही होतो.

विमलचं घर बनशंकरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका वळणाशी. दोन खोल्या, पुढे हातभर अंगण. शेजारी राधक्का राहतात. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगलोरातलं. मराठी बोलतात, पण तिला कानडीची फोडणी. विमलने दार उघडलं आणि माझ्या हातातली वळकटी घेतली. ती इतकी वाळली होती की मला बघवेना. मागोमाग राधक्का उप्पिट्टू (उपमा) आणि कॉफी घेऊन आल्या.

"स्वल्प खाऊन घ्या, अण्णा. तुम्हीच आजारी दिसता की हो! हिला तुम्ही जेववणार, का ही तुम्हाला?"

दुपारी वकिलांकडे गेलो. माणूस साधा होता आणि शांतपणे बोलत होता. त्यांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. पोलिसांनी ड्रायव्हरवर भरलेला खटला वेगळा आणि घरच्यांची भरपाई वेगळी. पहिल्याचा निकाल लागेल मग बघू, म्हणून बसणाऱ्यांची मुदत निघून जाते. भरपाईसाठी आता स्वतंत्र न्यायमंडळ आहे. ड्रायव्हर गरीब म्हणून पैसे बुडत नाहीत. जबाबदारी मालकाची, आणि रस्त्यावरच्या माणसासाठी लॉरीचा विमा कायद्याने सक्तीचाच आहे. मालकाचा माणूस गोड बोलून कोऱ्या कागदावर सही मागतो, ती मात्र देऊ नये.

"मग अडचण कसली?" मी विचारलं.

"मालक म्हणतो, लॉरीची काही चूक नाही. रस्त्यावर कोहळा फोडलेला होता, त्यावरून सायकल घसरली आणि तुमचे मेहुणे स्वतःच चाकाखाली आले. खोडून काढायला आपल्याकडे साक्षीदार नाही."

तिथून लॉरी बघायला गेलो. सवय सुटत नाही. बाजारामागच्या अड्ड्यावर ती उभी होती, धुतलेली, कपाळाला हळदकुंकू लावलेली. डाव्या आरशाच्या दांडीला केळीच्या सोपटाच्या सुतळ्या अजून तशाच होत्या. म्हणजे पूजेला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट बांधले होते, पानांसकट. मी आत चढून बसलो. डावीकडचा खुंट मनातल्या मनात उभा केला, तर अर्धा रस्ता नाहीसा झाला.

ड्रायव्हर मुनियप्पा खाली उभा होता. मी कोण, हे त्याला कळलं होतं.

"निकाला क्यूं नहीं?" मी विचारलं.

"पूजे का था, साब. सूखने तक निकालते नहीं. मालिक बोले, ऐसाच एक चक्कर मारके आव." मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मेरे को दिखाच नहीं, साब. आवाज आया, तब ब्रेक मारा."

त्याच्यावर ओरडायचं मी ठरवून गेलो होतो. जमलं नाही.

संध्याकाळी विमल तांदूळ निवडत बसली होती. कोहळ्याचं नुसतं नाव काढलं आणि तिचा हात थांबला.

"तो मी फोडला होता, दादा."

मग तिने सगळं सांगितलं. इथे खंडेनवमीच्या आयुधपूजेला घरोघर वाहनं पुजतात. यांची सायकल नवी होती. शेजारणींचं बघून तिनेही बूदगुंबळ (राखी कोहळा) आणला, त्यात कुंकू भरलं, सायकलीवरून ओवाळला आणि वळणावर आपटला. तुकडे तसेच टाकून यायचे असतात. त्यांत दृष्ट असते, हात लावायचा नाही. ती स्वयंपाकाला आत गेली, थोड्या वेळाने हे कारखान्यातल्या पूजेला म्हणून निघाले, आणि मग तो आवाज आला.

"त्यांच्यावरची दृष्ट काढायला गेले आणि त्यांनाच पाडलं. आता कुठल्या तोंडाने पैसे मागू? कोर्टात विचारलं, कोहळा कुणी फोडला, तर काय सांगू?"

दारात भांडं वाजलं. राधक्का कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलंच नव्हतं. सारू (आमटी) उंबऱ्यावर सांडलं होतं.

"अय्यो, विमला! इतके दिवस हे पोटात ठेवून बसलीस?" त्या मटकन खाली बसल्या. "ते पडले नाहीत गं. मी गेटाशी होते, बघितलं की मी."

"राधक्का, काय बघितलंत? नीट सांगा," मी म्हणालो.

"सायकल त्यांनी स्टँडवर लावली, रस्त्याच्या पार कडेला. आणि तुकडे पायाने गटाराकडे सारायला लागले. मी म्हटलं, अहो, हात लावू नका, दृष्ट आहे त्यात. तर हसले. म्हणाले, अक्का, कुणी पोर घसरलं तर? शेवटचा तुकडा मोठा होता, तो उचलायला वाकले. तेवढ्यात वळणावरून ती लॉरी आली आणि सायकलीसकट उडवलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पोलिसांना मी सांगितलं, काही बघितलं नाही. तुला कळलं असतं, तुझा कोहळा उचलताना गेले, तर तू जगली असतीस का गं?"

एकीने दुसरीसाठी तोंड शिवलं होतं, आणि दुसरी त्याहून वाईट मनाशी धरून झुरत होती. दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना. मला राग आला आणि कुणावर काढायचा ते कळेना.

विमलने तांदूळ बाजूला सारले. मग तिने विचारलं, "हसले होते?"

"हसले की गं. तसेच, नेहमीसारखे."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलने अर्जावर सही केली. राधक्का सोबत आल्या होत्या, लग्नाला निघाल्यासारखी जरीची साडी नेसून. त्यांच्या घरात आजवर कुणी कोर्ट पाहिलं नव्हतं. जटक्यात चढताना म्हणाल्या, "सरी, चला. खोटं तोंडातून गेलंय, खरं पण तिथूनच जाऊ दे."

निकालाला वर्षं लागली, पण तो विमलच्या बाजूने लागला. परतीच्या गाडीत ते मला माहीत नव्हतं. खिडकी बंद करून मी साताऱ्यापर्यंत जवळजवळ झोपूनच आलो. मनोहररावांना मी नेहमी हसायचो, फार टापटिपीचा माणूस म्हणून. त्याच टापटिपीने ते गेले आणि त्या टापटिपीनेच कोर्टात त्यांना निर्दोष ठरवलं. यातून काय धडा घ्यायचा ते मला अजून उमगलेलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला डेपोत गाड्यांना हार घातले. काचेपुढे एक पान येऊ द्यायचं नाही, असं मी बजावलं होतं, आणि त्यावरून माझी थट्टाही झाली. फाटकाबाहेर रस्त्यावर नारळ फोडला. सगळे प्रसाद घेऊन आत गेले. करवंट्यांचे तुकडे रस्त्यात पडले होते. मी ते उचलायला निघालो, आणि वाकण्याआधी थांबून दोन्हीकडचा रस्ता पाहून घेतला.