मालवणची ओंबील

मुंगीकाका नवीन माणसाशी नमस्कार-चमत्कार करत बसत नसत. थेट तीन प्रश्न. "कुठली? कधी आलीस? कोणी आणलं?" अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरला, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या एका पॉटलकमध्ये माझ्यावर हा मारा झाला, तेव्हा माझ्या हातात साबुदाण्याच्या वड्यांचा ट्रे होता आणि डोक्यात अजून भारतातलीच वेळ. मी म्हटलं, "नागपूरची. मागच्या महिन्यात. नवऱ्याने." काका खूश झाले. "छान, लेबल पूर्ण झालं," म्हणाले आणि एक वडा उचलून चालते झाले. माणूस थोडा सरकलेला आहे, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

नंतर कळलं, की संग्रहालयात टाचणीवर ठेवलेल्या प्रत्येक मुंगीखाली एवढीशी चिठ्ठी असते. कुठे सापडली, कधी, कोणी पकडली. तिच्याखाली दुसरी चिठ्ठी, मुंगीचं शास्त्रीय नाव काय आणि ते कोणी ओळखलं याची. काका मूळचे मालवणचे, पेशाने केमिकल इंजिनिअर. रिटायर झाल्यावर मराठी मंडळातल्या बाकीच्या काकांनी गोल्फ धरलं, यांनी मुंग्या धरल्या. तासाभराच्या ड्राइव्हवर एक कीटकसंग्रह होता, तिथे आठवड्यातून तीन दिवस फुकट राबायचे.

मी प्राणिशास्त्रात एमएस्सी, पण माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. सगळ्या कागदांवर मी कुणाची तरी 'डिपेंडंट'. लायब्ररीचं कार्डसुद्धा नवऱ्याच्या नावाचं बिल दाखवून मिळालेलं. काकांना हे समजलं तेव्हा ते म्हणाले, "मग दिवसभर काय करतेस? इडलीचं पीठ फुगतंय का बघतेस? चल उद्यापासून. पगार नाही, पण मायक्रोस्कोप आहे." बोलणं झोंबलं, कारण मी खरंच पीठ बघत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गाडीत बसले ते पुढची सहा वर्षं.

शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे छळ होता. मी टाचणी हातात घेतली की ते चिठ्ठीवर अंगठा ठेवायचे. "लेबल नंतर. आधी मुंगीला विचार." मी म्हणायचे, काका, गाव कळलं तर निम्मं काम सोपं होईल. "म्हणूनच नाही दाखवत. लेबल माणसाने लिहिलंय. त्याला भूक लागलेली असेल, ताप असेल, चष्मा विसरला असेल. मुंगीला काही विसरायचं नसतं." मग मी बिचारी मिशांचे सांधे मोजत बसायची. अकरा आले की ते म्हणायचे, परत मोज. बारा आले तरी म्हणायचे, परत मोज.

घरी काकूंचं राज्य होतं, पण फ्रीझरचा खालचा कप्पा काकांचा. तिथे खोवलेल्या नारळाच्या पिशव्यांशेजारी मुंग्यांच्या बाटल्या. काकू मला म्हणायच्या, "एक दिवस जिरं संपलेलं असेल बघ, आणि मी यातलीच चिमूटभर फोडणीला घालणार आहे." काका शांतपणे म्हणायचे, "कुठली घातलीस तेवढं लिहून ठेव."

आणखी एक नियम त्यांना देवासारखा होता. कुणाची ओळख चुकलेली निघाली, तरी त्याची चिठ्ठी काढून टाकायची नाही. आपली नवीन चिठ्ठी खाली लावायची. एका टाचणीवर तर पाच चिठ्ठ्या होत्या, पाच माणसं, पाच नावं, आणि वर तीच मुंगी ढिम्म. मी हसले तर ते रागावले. "चुकला तो पण डोळे फोडून बसला होता इथे. राहू दे त्याचं नाव."

आता ओंबील. कोकणात आंब्याकाजूवर पानं शिवून घरटं करणारी ही तांबडी मुंगी. शिवते म्हणजे खरंच शिवते, स्वतःच्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने. हिच्या कुळात जगात आज दोघीच बहिणी आहेत, एक आपल्याकडची आणि एक आफ्रिकेतली. दोघी इतक्या सारख्या, की फरक बघायचा तो कंबरेच्या बारीक सांध्यात, आफ्रिकेतलीचा खालून फुगीर. आफ्रिकेच्या ड्रॉवरमध्ये आठ मुंग्यांची एक रांग होती, जुन्या शाईतल्या चिठ्ठ्यांची. ठिकाणाचं नाव इंग्रजीत: एम, ए, एल, मग नेमकं टाचणीचं भोक, मग डब्ल्यू, पुढे शाई पसरलेली. कुणीतरी ते मलावी वाचून आफ्रिकेत ठेवलं होतं. काकांनी वाचलं मालवण, जुन्या इंग्रजी स्पेलिंगमधलं. भोकात अक्षरच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी खाली आपल्या नावाची चिठ्ठी लावली आणि आठही जणींना भारताच्या ड्रॉवरमध्ये हलवलं.

हे मी येण्याच्या दोन वर्षं आधीचं. पण गोष्ट मला तोंडपाठ होती, कारण गणपतीला, संक्रांतीला, कुणाच्याही गृहप्रवेशाला काका ती सांगायचे. "मी आलो एकाहत्तरला. माझ्या गावच्या आठ जणी माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या, आणि यांनी त्यांना भलत्याच देशात घातलेलं. मी सोडवून आणलं." मालवणला त्यांचं आता कुणीच उरलं नव्हतं.

मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला. समोरच्याचे कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. ड्रायव्हिंग बंद झालं, मी त्यांना नेऊ लागले. शेवटी लेकीने दोघांना दूर दक्षिणेत, अल्फारेटाला, आपल्याकडे बोलावून घेतलं. निघायला आठवडा राहिला असताना मी ड्रॉवरचे फोटो काढत होते. मोठ्या स्क्रीनवर त्या आठ मुंग्या आल्या आणि मी कंबरेवर झूम केलं. तो सांधा आपल्याकडच्या ओंबिलीचा नव्हताच. मी परत बघितलं, आठही बघितल्या. मलावीच.

दोन दिवस मी स्वतःशीच वाद घातला. एवढ्या वर्षांत त्या ड्रॉवरकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, मग आताच कशाला? म्हाताऱ्या माणसाकडून जाता जाता त्याचं गाव काढून घ्यायचं? शेवटी काकूंना फोन केला. मला वाटलं, त्या म्हणतील, नको गं सांगू. त्या म्हणाल्या, "तू लपवलंस आणि नंतर कळलं, तर ते स्वतःच्या चुकीचं दुःख नाही करणार. तुझं करतील."

शेवटच्या दिवशी मी सांगितलं. काका खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "मला दिसत नाही. तू बघ, मी विचारतो." आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली, पहिल्या दिवसासारखी, डोक्यापासून. मिशा. डोळे. पाठ. "आता कंबर. बाजूने बघतेस ना?"

"हो."

"सांध्याची खालची रेघ?"

"फुगीर आहे काका."

"परत बघ."

"फुगीरच आहे."

"दुसरी घे."

आठही झाल्या. शेवटच्या तिघींना त्यांनी 'परत बघ' म्हटलं नाही. मग ते हसले, अगदी मनापासून. "त्या दिवशी माझे डोळे ठणठणीत होते. तरी मी मुंगी बघितलीच नाही गं. लेबल वाचलं आणि थेट मालवणचं बंदर दिसलं."

चिठ्ठी लिहायला मी पेन घेतलं आणि ओळखणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव घालू लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "माझं वर आहे ना, चुकलेलं. ते तसंच राहणार. मुंगी तू बघितलीस, तुझं लिही. पूर्ण नाव लिही." मी लिहिलं. अमेरिकेत आल्यापासून माझं एकटीचं नाव असलेला तो पहिला कागद, नखाएवढा. आठ वेळा लिहिला, आठही वेळा पूर्ण.

आठही जणींना आफ्रिकेच्या ड्रॉवरमध्ये परत ठेवण्याआधी त्यांनी एक टाचणी मागून घेतली. डोळ्यांसमोरून थोडी बाजूला धरली, जिथून त्यांना काहीबाही दिसायचं, आणि सहा वर्षांत माझ्यासमोर कधी बोलले नव्हते त्या मालवणीत तिला म्हणाले, "आमची नाय गो तू. पण आठ वर्सां आमची म्हणान रवलंस, बरां वाटलां."