ऊसतोडीसाठी राखून ठेवलेला पंप

संगमनेरच्या विमलताई, गुडघा काय म्हणतोय? शिर्डीचे नाना, खोकला थांबला का? बाकी मंडळी, बरे आहात ना?

आज सकाळी शेजारच्या सुमनला दम्यासाठी पाथर्डीला दवाखान्यात नेलं. महिन्याभरात ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघेल. तिच्या पिशवीत तोंडानं ओढायचे दोन पंप. निळा संपत आलेला, रोज घ्यायच्या पंपाचं खोकंही न उघडलेलं.

"हा का घेतला नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तिकडं फडात कुठं मिळायचा? म्हणून राखून ठिवला. दम लागला की निळा घेती ना."

मी म्हणालो, "अगं, लोणचं हाय का ते, भरून न्यायला!"

बाईंनी नीट समजावलं. धूळ-धूर आत गेला की शरीरातल्या रक्षक पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्या निरोप्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. दम्यात हे निरोप थांबतच नाहीत, म्हणून श्वासनळी आतून सुजलेली राहते. निळा पंप नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो. रोजचा पंप निरोप कमी करून सूज उतरवतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर ठरावीक निरोप अडवणारी इंजेक्शनंही आहेत.

"म्हंजी बरं वाटत हुतं तवाबी आत सूज हुतीच?"

"हो. अशीच फडात गेलीस तर दम जिवावर बेतेल."

सुमननं तिथंच खोकं फोडलं, पंप ओढला, तोंडात औषध राहू नये म्हणून चूळ भरली. सोबत न्यायला आणखी पंप लिहून घेतले. "तात्या, पंपाची आठवण द्यायला रोज सकाळी हाक मारा," म्हणाली. निघेपर्यंत मारणार आहे.

तुमच्या घरी कुणी असा पंप राखून ठेवलाय का? कपाट उघडून बघा आणि लगेच लिहा. वाट बघतोय.