सत्काराला घंटी नव्हती

मुखेडच्या वाचनालयात व्याख्यानाला उभा राहिलेला माणूस कितीही मोठा असो, पहिल्या रांगेत त्याच्या अगदी समोर रेणुकाबाई कांबळे बसलेल्या असतात आणि त्यांच्या मांडीवर पितळी घंटी असते. एक टोल पडला की पाच मिनिटं उरली. दोन पडले की सभा संपली, मग वक्त्याच्या तोंडात घास असो की वाक्य. हे शास्त्र त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. बावीस वर्षं त्या एसटीत कंडक्टर होत्या आणि एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

नवरा एसटीत ड्रायव्हर होता. तो गेल्यावर त्याच्या जागेवर या लागल्या. पण व्याख्यानाचा नाद त्याच्याही आधीचा, माहेरचा. वडील मारोती गवंडीकाम करायचे. एरवी एक दिवसाची रोजी बुडली तर जीव खाली-वर व्हायचा त्यांचा, पण जयंतीच्या आठवड्यात नांदेडला व्याख्यानं असली की थापी धुऊन ठेवायचे आणि पोरीला घेऊन गाडीत बसायचे. परतीच्या वाटेवर विचारायचे, "काय सांगितलं त्यांनी?" सांगता आलं नाही तर रागवायचे नाहीत, स्वतःच पुन्हा सगळं सांगायचे. असल्या बापाची लेक ती. निवृत्त झाल्यावर देवदर्शनाला जाण्याऐवजी थेट वाचनालयाच्या व्याख्यानमालेत जाऊन बसली, यात नवल ते काय?

तेव्हा व्याख्यान संध्याकाळी सातला असायचं. ऐकायला पंधरा पेन्शनर. त्यातले चौघं डोळे मिटून ऐकायचे. बायकांसाठी मांडलेल्या दोन रांगा रिकाम्या, आणि मालेचे अध्यक्ष गुरुबसप्पा गुरुजी दर वेळी आभाराच्या भाषणात हळहळायचे की भगिनीवर्ग येत नाही. गुरुजी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. माणूस लोण्यासारखा, कुणाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. तिसऱ्यांदा ती हळहळ ऐकल्यावर रेणुकाबाई उठल्या.

"गुरुजी, सात वाजता खैरमाळला कोणती गाडी जाती?"

गुरुजी शेजाऱ्याकडे बघू लागले.

"एकबी जात न्हाई. शेवटची सव्वापाचला. बाया काय उडून येतील?"

तिथून व्याख्यान महिन्यातल्या पहिल्या बाजारच्या दिवशी, पावणेचार ते पाच, असं झालं. बायका बाजाराला येतातच, तिकीटही अर्धं झालेलं. राहिला प्रश्न घरांचा. खैरमाळमध्ये शेषेरावांनी हो म्हटलं की गाव हो म्हणतं. पंधरा एकरांचा धनी, बोलायला मोजका, आणि एकदा बोलला की ती रेघ दगडावरची. बायको साखराबाई आणि सून आरती, दोघींच्या देखत त्यांनी रेणुकाबाईंना अट घातली. "जाऊ द्या बापड्या. पण दिवेलागणीच्या आत घरी. एकदा चुकलं की पुन्हा व्याख्यानाचं नाव काढायचं न्हाई, आमच्याच घरात न्हाई, अख्ख्या गावात."

"सव्वापाचची गाडी चुकली तर मीच पुन्हा तुमच्या दारात येणार न्हाई," रेणुकाबाई म्हणाल्या.

घंटी आली ती या शब्दापायी. खैरमाळहून आधी सात जणी यायच्या, वर्षभरात बावीस झाल्या. इतर गावांच्या धरून चाळीसच्या वर. रेणुकाबाईंनी या दोन वर्षांत एका नामवंत डॉक्टरांना यकृताच्या मध्यावर थांबवलं, एका कीर्तनकारांना अभंगात थांबवलं, आणि खुद्द गुरुजींना तर इतक्या वेळा की ते आता उभे राहतानाच घड्याळ काढून हातात धरतात. कुणी रागावलं तर बाई सरळ सांगत, "तुम्हाला गाडी हाय घरची. यांना न्हाई."  त्यांची ती ऐट मुखेडला आवडू लागली होती आणि खरं सांगायचं तर त्यांनाही.

मग लुंबिनी मॅडमचं व्याख्यान आलं. या मूळच्या शिरूर अनंतपाळच्या, लातूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. विषय, जमिनीखालचे आवाज. खैरमाळला तो विषय सांगावा लागला नाही. दोन महिने तिथं अधूनमधून जमिनीतून गडगड येत होती, फळीवरची भांडी वाजत होती. शेषेरावांच्या मातीच्या छताच्या, माळवदाच्या घराला माजघरात तडा गेला होता आणि आरती तान्ह्या लेकीला घेऊन जीव मुठीत धरून झोपत होती. त्या दिवशी खैरमाळच्या बावीस नाही, एकतीस जणी आल्या.

आणि नेमकं त्याच दिवशी वाचनालयाला सहा पंखे देणारे एक माजी सभापती येऊन बसले. "दोन मिनिटांचा सत्कार करून घेऊ," गुरुजी म्हणाले. सत्कार म्हटल्यावर फेटा आला. फेटा बांधणाऱ्याचा सत्कार झाला. सभापतींबरोबर आलेल्या नऊ जणांची नावं पुकारली गेली, प्रत्येकाला शाल, नारळ आणि फोटो. एकाचं नाव राहिलं, तो रुसून दारात उभा राहिला, मग त्याला मिनतवाऱ्या करून आणावं लागलं. रेणुकाबाईंचा हात दोनदा घंटीकडे गेला आणि दोनदा मागे आला. नियम त्यांनीच कागदावर लिहून भिंतीला लावला होता. भाषणाला घंटी. सत्कार काही भाषण नव्हे. हे भोक आपल्याच नियमात आहे, हे त्यांना दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

मॅडम उभ्या राहिल्या तेव्हा चार पंचवीस झाले होते. पण बाई बोलणारी होती. तिनं परात पालथी घातली, वर मूठभर तूरडाळ टाकली आणि खालून बोटानं टिचकी मारली. डाळ कुठे उडते, कुठे जागची हलत नाही, ते दाखवत खडक, भेग, हादरा सगळं सोपं करून सांगितलं. मागच्या बायका उभ्या राहून बघू लागल्या. चार पंचावन्नला एक टोल पडला. मॅडमनी मान डोलवली. "आवाज का येतात ते झालं. आता कामाचं, आपलं घर कसं तपासायचं आणि हादरा बसला तर काय करायचं. त्याला मला वीस मिनिटं तरी लागतील."

वीस मिनिटं नव्हती. स्टँडवर चालत जायलाच दहा लागत. पाचला रेणुकाबाईंनी दोन टोल दिले.

आरती उठली. "मावशी, राहू द्या की आज. गाडी जाऊ द्या, आम्ही जीप करून जातो."

साखराबाई खाली बघत होत्या. जीप भरून निघेपर्यंत किती वाजतात, ते सगळ्यांना माहीत होतं. घरी उशीर झाला तर काय होईल, तेही. रेणुकाबाईंचा जीव तुटला. तो पुढचा भाग त्यांना स्वतःलाही ऐकायचा होता. "उठा," त्या म्हणाल्या, "गाडी लागली असंल."

स्टँडवर कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. गाडीच्या पायरीवर पाय ठेवून आरती म्हणाली, "तुम्ही आम्हाला येळेवर पोचवता मावशी. पण आलो होतो कशाला, ते तिथंच राहिलं."

हे लागलं. लागायलाच हवं होतं. गाडी सुटल्यावर रेणुकाबाई तरातरा वाचनालयात आल्या. गुरुजी रिकाम्या पिशव्या गोळा करत होते.

"गुरुजी, चाळीस मिनिटं शालीत गेली. तुमचा दोष न्हाई. घंटी माझ्या मांडीवर होती." गुरुजींचा चेहरा पडला, पण त्यांच्यासाठी थांबायला बाईंना वेळ नव्हता. त्या मॅडमकडे वळल्या. "राहिलेलं कधी सांगता?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा येते की."

"पुढच्या महिन्यापर्यंत त्यांनी झोपायचं कुठं? उद्या सुट्टी हाय ना तुम्हाला?"

मॅडम हसल्या. परातीची पिशवी त्यांनी उचलली आणि त्या दिवशी त्या रेणुकाबाईंकडे मुक्कामाला राहिल्या.

सकाळच्या पहिल्या गाडीनं दोघी खैरमाळला उतरल्या. शेषेराव ओट्यावर चहा पीत होते. "गाडी तर चुकली न्हाई काल," ते म्हणाले. "मग काय काम काढलं?"

"तुमचा शब्द मी पाळला. आता मला तुमचं अंगण पाहिजे. काल वाचनालयात जे अर्धं राहिलं, ते इथं पुरं करायचं."

"बायांची सभा? माझ्या अंगणात?"

"माळवद पडताना बाई-बाप्या बघत न्हाई, दादा."

 शेषेरावांनी कपबशी खाली ठेवून गड्याला सतरंजी टाकायला सांगितली आणि स्वतः ओट्यावरच, आपला या भानगडीशी संबंध नाही अशा थाटात, पाठमोरे बसून राहिले. अर्ध्या तासात अंगण भरलं. सरपंच शाल घेऊन आले. रेणुकाबाईंनी उठून घंटीचे दोन टोल दिले, तशी शाल पिशवीत परत गेली आणि बायका खदखदून हसल्या.

मॅडम बोलल्या आणि मग नुसतं बोलून भागेना, म्हणून शेषेरावांच्याच घरात शिरल्या. सगळ्या जणी मागोमाग. तडा गेलेल्या भिंतीकडे उशी नको. डोक्यावरच्या फळीवर जड काही नको, जड ते खाली. दाराशी पोती रचू नका, आधी वाट मोकळी. आरतीनं स्वतःच वर बोट दाखवलं. तिच्या लेकीच्या झोळीच्या नेमकं वर पितळी हंड्यांची चळत होती. साखराबाईंनी पदर खोचला आणि एकेक हंडा खाली उतरवून द्यायला सुरुवात केली. मग आमचं बघा, आमचंही बघा, असा गलका झाला. शेवटी आरतीनं वहीच्या कागदावर घरांची यादी लिहिली आणि त्या क्रमानं मॅडम गल्लीतून निघाल्या. पाचवं घर झालं तेव्हा बाराच्या गाडीला दहा मिनिटं उरली होती. रेणुकाबाईंनी सवयीनं एक टोल दिला.

ओट्यावरून शेषेराव उठून गल्लीत आले. "ती घंटी ठेवा बाई पिशवीत. मॅडमना मी माझ्या गाडीनं सोडतो, लातूरला म्हणाल तर लातूरला. आता आधी आमची राहिलेली मागची खोली बघा. तडा तिथं लई मोठा हाय, आन् तिथं मी झोपतो."

 आरतीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हातातली यादी बघितली आणि सासऱ्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मामा, अजून नऊ घरं हायेत. तुमचा नंबर त्याच्यानंतर."

 शेषेराव "बरं," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले, या वेळी अंगणाकडे तोंड करून.